कोयत्यात न मोजलेली लेकरं

ऊसतोडीच्या जगात माणसं कोयत्यावर मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको अशी जोडी. टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत दहा कोयते लिहिले की वीस माणसं समजायची. एकटाच गडी आला तर तो अर्धा कोयता. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिमेला निघणाऱ्या टोळ्यांचा हिशोब कित्येक दशकं असाच होत आला आहे. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, फेड कोयत्याच्या नावावर होते, खाडा कोयत्याला पडतो. पण त्याच गाडीत पिठाचा डबा, चुलीचं लोखंड, पाण्याची घागर आणि गोधड्यांच्या मध्ये दीड वर्षाचं लेकरू बसलेलं असतं. त्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण असते. पुष्कळदा आईच्या पोटात आणखी एक असतं. मुकादमाच्या वहीत यांच्यापैकी कोणासाठीच रकाना नाही.

धाराशिव जिल्ह्याच्या स्थलांतराचा इतिहास सांगताना उसाचे टन, कारखान्यांची नावं आणि दराच्या चळवळी यांचा उल्लेख होतो. हा लेख त्या नसलेल्या रकान्याविषयी आहे. वाटेत आणि फडात आजारी पडलेल्या, काही वेळा तिथंच मातीत ठेवाव्या लागलेल्या लेकरांविषयी.

वाट पश्चिमेचीच का?

बालाघाटाच्या डोंगररांगा आणि त्यांच्या उतारावरची हलकी जमीन, ही या जिल्ह्याच्या उत्तर-पश्चिम भागाची ओळख. मांजरा, तेरणा, सीना या नद्या आहेत, पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख पावसाच्या मर्जीवर जगतो. खरिपाचं पीक हाती आलं, रब्बीची ज्वारी पेरून झाली की कोरडवाहू शेतकऱ्याला आणि भूमिहीन मजुराला पुढचे सहा महिने गावात काम नसतं.

दीडशे वर्षांपूर्वी हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या नळदुर्ग जिल्ह्यात होता. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ दख्खनवर आला, तेव्हा सरहद्दीच्या दोन्ही बाजूंची माणसं होरपळली. त्यानंतर इंग्रजी मुलखात दुष्काळ-निवारणाची कामं म्हणून पाट खोदले गेले. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ मध्ये सुटलं. पुढे गोदावरी आणि प्रवरेचे कालवे झाले. ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून आणलेलं हे पाणी हळूहळू उसाकडे वळलं, कारण पाणीपट्टी भरून परवडेल असं पीक तेच होतं. हरेगाव, माळीनगर, वालचंदनगर अशी खासगी कारखानदारी १९२० आणि १९३० च्या दशकांत उभी राहिली. १९५० मध्ये लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी कारखान्याची चिमणी पेटली आणि नगर, पुणे, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत सहकारी कारखान्यांची रांग लागली.

असं पाणी पश्चिमेला साठत गेलं, तहान पूर्वेला राहिली आणि माणसं त्या दिशेनं चालू लागली. निजामाच्या काळात बार्शीच्या बाजूला जाणं म्हणजे करोडगिरीचा नाका ओलांडणं आणि हाली सिक्क्याच्या मुलखातून कलदार रुपयाच्या मुलखात शिरणं. १९११ पर्यंत बार्शी लाइट रेल्वेचे अरुंद रूळ कुर्डुवाडीहून येडशी, ढोकीमार्गे लातूरला पोचले होते आणि १९२७ मध्ये त्याच रेल्वेचं दुसरं टोक पंढरपूरच्या पुढे मिरजेला भिडलं. रझाकारांच्या धामधुमीत, १९४७-४८ मध्ये, अनेक कुटुंबांनी जीव वाचवायला हीच पश्चिमेची हद्द ओलांडली. संस्थान विलीन झालं, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, नाके गेले. वाट तीच राहिली. एकेकाळी अडल्या वर्षी धरायची ही वाट पुढे दर वर्षाची झाली.

बहात्तर

या वाटेला महामार्गाचं रूप आलं ते १९७२ च्या दुष्काळानं. सलग तीन वर्षं पावसानं दगा दिला होता. विहिरी तळाला गेल्या, गुरं कवडीमोलानं विकली गेली. उस्मानाबाद (आजचं धाराशिव), बीड, औरंगाबाद, नगर, सोलापूर, सांगली हे जिल्हे सर्वाधिक पोळले. सरकारनं दुष्काळी कामं काढली. मे १९७३ मध्ये राज्यभर या कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी आणि मुलांना वाटलेली सुकडी त्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. त्या कामांनी माणसं जगवली. १८७६ सारखा मृत्यूचा खच पडला नाही, याचं मोठं श्रेय त्यांना द्यायला हवं. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला पुढे १९७७ मध्ये कायद्याचं रूप आलं.

पण दुष्काळानं आणखी एक गोष्ट केली. ज्यांची बैलजोडी वाचली नाही, ज्यांच्या शेतात पेरायला बी उरलं नाही, ज्यांच्या अंगावर सावकाराचं कर्ज चढलं, त्यांच्यासाठी मुकादमाची उचल हा एकमेव रोख पैसा झाला. पावसाळ्यात उचल घ्यायची, लग्न, दवाखाना, बी-बियाणं यांत ती संपवायची आणि हंगामात ऊस तोडून फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा जायचं. खडी फोडायच्या कामावर आई निदान रात्री घरी येत होती. ऊसतोडीला सगळं घरच उचलून न्यावं लागलं. घरात म्हातारी माणसं असली तर मोठी लेकरं त्यांच्याजवळ ठेवता येत, पण अंगावर पिणारं लेकरू मागे कुणाजवळ ठेवणार? त्यामुळे ज्या वयात मरणाचा धोका सगळ्यात जास्त, नेमकी त्या वयाची मुलं प्रत्येक हंगामात आईबरोबर गेली.

फडातला दिवस

तोडलेला ऊस वाळला की त्याचा उतारा घटतो, साखर कमी येते. त्यामुळे तोडलेला ऊस लवकरात लवकर गव्हाणीत पडावा लागतो आणि कारखान्याचं चाक दिवस-रात्र फिरतं. त्या चाकाला आईचा दिवस बांधलेला असतो. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या, अंधारातच फडात जायचं. नवरा ऊस तोडतो, बायको वाढं कापते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. गाडीसेंटर, म्हणजे बैलगाडीची तोड, असेल तर टायरगाडी भरून नवरा कारखान्यावर जातो आणि नंबर लागेपर्यंत रात्र तिथंच काढतो. ट्रकवर ऊस भरायचा असेल तर ट्रक येईल ती वेळ खरी, मग ती मध्यरात्रीची का असेना.

या सगळ्यात लेकरू कुठे असतं? बांधावरच्या बाभळीला झोळी बांधलेली असते. झाड नसेल तर पाचटावर गोधडी टाकून त्याला निजवलेलं असतं. जवळ त्याची बहीण असते, आणि तीही मूलच. फडात साप-विंचू निघतात. जुन्नरसारख्या भागात उसात बिबट्या वाढतो. मागे सरकत येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाला पाचटात निजलेलं मूल दिसत नाही. चुलीची ठिणगी पाचटाच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, लागते. हे अपघात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येतात आणि त्या चार ओळी वाचताना कोपीतल्या प्रत्येक आईच्या पोटात गोळा येतो.

पण अपघातांपेक्षा जास्त लेकरं आजारानं जातात, आणि त्याची बातमी होत नाही. पाट वाहणाऱ्या मुलखातला डिसेंबर-जानेवारीचा गारठा बालाघाटाच्या माळावरच्या थंडीहून वेगळा असतो. ओल्या जमिनीतून तो वर चढतो. कोप म्हणजे बांबूच्या कामट्या, पाचट किंवा ताडपत्री, आत चुलीचा धूर. तान्ह्या लेकराला खोकला होतो, मग छाती उडायला लागते. खेड्यात याला डबा म्हणतात, डॉक्टर न्यूमोनिया म्हणतात. दुसरा शत्रू म्हणजे जुलाब. पाणी विहिरीचं, पाटाचं, नाहीतर शेतातल्या उघड्या हौदाचं. शंभर-दोनशे कोपींच्या तळाला संडास नाही. तिसरा गोवर. दाटीवाटीच्या तळावर तो एका कोपीत शिरला की दुसऱ्या कोपीत पोचायला वेळ लागत नाही आणि आधीच वाळलेल्या लेकराला तो झेपत नाही.

यातल्या प्रत्येकावर उपाय होता, आणि तोही महाग नव्हता. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पटकीचे रोगी वाचवून दाखवले होते. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, एवढंच. ज्या बाईच्या हातानं तोडलेल्या उसाची पोत्यांनी साखर होत होती, तिच्या लेकराला वाचवायला त्यातली सहा चमचे पुरली असती. ती तिच्यापर्यंत पोचली नाही आणि ती कशी द्यायची हे सांगणारं माणूसही पोचलं नाही. या एका गोष्टीपाशी माझं मन कायम अडतं. दारिद्र्यानं मूल गेलं असं म्हणून सुटता येत नाही, कारण औषध त्या मुलखाच्या गोदामात थप्पीनं रचलेलं होतं.

खाडा

लेकरू फणफणलं तर आई कामाला न जाता कोपीत थांबू का शकत नाही, असा प्रश्न शहरातला माणूस विचारतो. त्याचं उत्तर कोयत्याच्या हिशोबात आहे. बाई थांबली की कोयता अर्धा होतो. मोळ्या वाहायला हात नसले की गाडी भरत नाही. दिवस बुडाला की खाडा पडतो. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड म्हणून रक्कम उचलीत चढते. दवाखान्यात न्यायचं तर अनोळखी गावातला खासगी डॉक्टर, सलाईन, इंजेक्शन. त्याचे पैसे मुकादमाकडून घ्यायचे, म्हणजे पुन्हा उचल वाढली. म्हणून आई वाट पाहते. आज उतरेल, उद्या उतरेल. डोळे खोल गेले, टाळू बसली, दूध ओढेनासं झालं, तेव्हा ती गड्याला हाक मारते. तोवर गडी टायरगाडीबरोबर कारखान्याच्या रांगेत असतो.

बाळंतपणही फडातच होतं. नवव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहिलेली बाई पाचटावर बाळंत होते, टोळीतल्या चार बायका लुगड्याचा आडोसा धरतात. पाचवीला कोपीतच सटवाई पुजली जाते. लेकराचं नशीब लिहायला सटवाई तिथंही येते, असा त्या बायकांचा भरवसा असतो. आणि काही दिवसांत ती आई पुन्हा मोळी उचलते.

लेकरू गेलं तर? लहानग्याला आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात. पण कुठे? गावच्या शिवारात पुरलेल्या लेकराची जागा घरच्यांना ठाऊक असते, येता-जाता बाई तिकडे पाहते. इथं जमीन दुसऱ्याची, मुलूख दुसऱ्याचा. ओढ्याकाठी, बांधाच्या कडेला, गायरानात कुठेतरी खड्डा घ्यायचा. चार माणसं उभी राहतात. दुसऱ्या दिवशी टोळीला फड बदलायचा असतो. पुढच्या हंगामात तीच टोळी त्याच गावाला येईल याची खात्री नसते, आणि आली तरी तो बांध नांगरला गेलेला असतो.

दोन पश्चिमा

अमेरिकेच्या इतिहासात पश्चिमेकडच्या प्रवासाचं एक मोठं पर्व आहे. १८४० ते १८६० च्या दशकांत मिसूरी नदीच्या काठावरून लाखो माणसं गाड्या जुंपून ऑरेगॉन आणि कॅलिफोर्नियाकडे निघाली. सुमारे दोन हजार मैलांची वाट. १८४९ नंतरच्या काही वर्षांत त्या वाटेवर पटकीनं थैमान घातलं. कारण हेच होतं, तळाजवळचं घाण झालेलं पाणी. गेलेल्या लेकराला वाटेतच पुरून कधी कधी त्या मातीवरून गाड्या हाकत, म्हणजे जनावरांनी ती जागा उकरू नये. मागे वळून थांबायला त्यांनाही वेळ नव्हता.

तिथल्या आईचं आणि बालाघाटाच्या आईचं दुःख मी वेगळं मानत नाही. पण दोन्ही पश्चिमा वेगळ्या आहेत. ती माणसं एकदाच गेली आणि शेवटी त्यांच्यातल्या अनेकांना जमीन मिळाली, मग ती तिथल्या मूळ रहिवाशांकडून हिरावलेली का असेना. आमची माणसं दर वर्षी जातात आणि दर वर्षी त्याच कोरडवाहू तुकड्याकडे परततात. दुसरं, तिथल्या बायकांनी रोजनिशा लिहिल्या. अमुक तारखेला, अमुक ओढ्याजवळ आमचं बाळ गेलं, असं कुणीतरी नोंदवून ठेवलं. त्या वह्यांवर पुढे इतिहास लिहिला गेला. आमच्या आईला लिहिता येत नव्हतं आणि जे लिहीत होते त्यांच्या वहीत कोयता होता, लेकरू नव्हतं.

सरकारी वहीतही ते नव्हतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची नोंद जिथं तो घडला तिथं व्हायची असते. म्हणजे सांगलीच्या किंवा बारामतीच्या एखाद्या ग्रामपंचायतीत, जिथं या कुटुंबाला कुणी ओळखत नाही. तान्ह्या लेकराच्या दाखल्याचं कुणाला काम पडत नाही, म्हणून कुणी तिथं जातही नाही. इकडे गावातल्या वहीत त्याचा जन्मसुद्धा नसतो, कारण तो फडात झालेला. एक जीव आला आणि गेला, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या कागदावर रेघही उमटली नाही. २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. महाराष्ट्रात दर वर्षी सव्वा ते पावणेदोन लाखांच्या आसपास बालमृत्यू होतात आणि सरकारी आकड्यांत त्यांतले बहुसंख्य दिसतच नाहीत, हे त्यानं राज्यासमोर मांडलं. स्थिर गावांतल्या मुलांची ही गत असेल, तर सहा महिने कुठल्याच गावात नसलेल्या मुलांचं काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको.

ज्यांनी मोजायला सुरुवात केली

या अंधारात काही माणसांनी दिवे लावले. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम उभं केलं. गावातल्याच, कमी शिकलेल्या बायकांना प्राथमिक उपचार शिकवून त्यांना ‘भारतवैद्य’ म्हटलं. डॉक्टर गावात राहायला येत नसेल तर गावातली बाई वैद्य होईल, हा त्यामागचा विश्वास. गडचिरोलीत बंग दांपत्यानं गावातली कार्यकर्ती न्यूमोनिया ओळखून औषध देऊ शकते आणि लेकरं वाचतात हे १९९० मध्ये जगापुढे ठेवलं होतं. कोपीतल्या लेकराला गरज होती ती नेमकी याचीच, दवाखान्याच्या इमारतीआधी जवळच्या शिकलेल्या हाताची.

२००० च्या दशकाच्या सुरुवातीला औरंगाबादच्या जनार्थ संस्थेनं कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा सुरू केल्या. मध्य महाराष्ट्रातून साडेसहा लाखांच्या घरात मजूर जातात आणि त्यांच्याबरोबर शाळेच्या वयाची सुमारे दोन लाख मुलं असतात, असा अंदाज त्या काळी मांडला गेला. पहिल्यांदाच ही मुलं आकड्यात आली. शाळेत येणाऱ्या मुली कडेवर भावंड घेऊन यायच्या, हे त्या शाळांचं नेहमीचं दृश्य. पुढे सरकारनं गावातच हंगामी वसतिगृहं काढली. आईबाप फडावर गेले तरी शाळकरी मुलं गावात राहू लागली, हे चांगलंच झालं. पण त्यामुळे एक गोष्ट आणखी उघडी पडली. सहा वर्षांवरची मुलं मागे राहिली आणि सहाखालची अजूनही गाडीत बसून जातात. शिक्षणाची योजना ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत आली. जगण्याची योजना ज्यांना सगळ्यात जास्त हवी, ती अजून वाटेतच आहे.

लसीचंच पाहा. १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं. लसीच्या तारखा दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेल्या लेकराच्या या तिन्ही तारखा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, म्हणजे हंगामात पडतात. जूनमध्ये जन्मलेलं बाळ गोवराच्या लसीच्या वयाचं, नऊ महिन्यांचं, मार्चमध्ये होतं, म्हणजे पुन्हा फडातच. कार्ड गावच्या पेटीत, नर्सबाई गावच्या उपकेंद्रात, लेकरू दीडशे-दोनशे किलोमीटरवर. १९७५ पासून अंगणवाड्या आहेत, अलीकडे पोषण ट्रॅकरसारखी साधनं आली आहेत, ज्यात मूल जिथं जाईल तिथं त्याची नोंद नेता येते. हे साधन कोपीच्या दारापर्यंत न्यायला माणूस लागतो. त्या माणसाच्या हातात कारखान्यानं तळाची आणि मुकादमानं टोळीची यादी द्यावी लागते, आणि त्या यादीत प्रत्येक कोयत्यापुढे लेकरांची नावं आणि वयं लिहिलेली असावी लागतात. बाईला लेकराच्या आजारपणात खाडा लागू नये, एवढंही करारात लिहावं लागतं. यातलं काहीच अवघड नाही. कारखान्याला आपल्या हद्दीतल्या उसाच्या प्रत्येक गटाची लागण-तारीख ठाऊक असते. मग तळावरच्या लेकराची जन्मतारीख ठाऊक असायला काय हरकत आहे?

चैत्रात कारखान्यांचा पट्टा पडतो, हंगाम संपतो. टोळ्या बालाघाटाकडे वळतात. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरते, चुना वेचायच्या विधीला माणसं लोटतात. परतलेल्या कुटुंबांतल्या किती आया तिथं लेकरू घेऊन नवस फेडायला येतात, आणि किती जणी रिकाम्या हातानं उभ्या राहतात, हे ती देवीच जाणे. त्याच दिवसांत गावच्या अंगणवाडीत हजेरीची वही पुन्हा उघडते. दिवाळीत निघून गेलेल्या प्रत्येक मुलापुढे सेविकेनं ‘स्थलांतरित’ असा शब्द लिहिलेला असतो. जी परत आली त्यांच्यापुढचा शब्द ती खोडते आणि वजन घ्यायला बसवते. एखाद्या नावापुढे तो शब्द तसाच राहतो. महिना जातो, पावसाळा येतो, मुकादम पुन्हा उचल घेऊन दारात येतो. वहीत ते लेकरू अजून वाटेवरच असतं.